पहिली गाडी लीजवर घेताना भाड्याऐवजी अटींवर केलेली बोलणी

नाशिकमध्ये पहिली गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मासिक भाड्याने, घेताना मी मासिक भाड्याच्या आकड्यावर अडून बसलो नाही, कारण कराराची मुदत, किलोमीटरची मर्यादा किंवा मुदतअखेर गृहीत धरलेली गाडीची किंमत यांपैकी एक गोष्ट बदलली की तो आकडा सहज कमी दाखवता येतो. मला आलेल्या प्रस्तावात महिन्याला १,००० किलोमीटरची मर्यादा होती. नाशिक ते मुंबई हे अंतर एका बाजूने सुमारे १६५ किलोमीटर आहे, म्हणजे कामासाठी आठवड्यातून एकदा जाऊन-येऊन केले तरी चार आठवड्यांत १,३२० किलोमीटर होतात आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार पडतो. हा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर मर्यादा १,५०० झाली आणि भाडे थोडेच वाढले.

खरा तिढा मुदतीपूर्वी करार मोडण्याच्या शुल्काचा होता. ते तोंडी सांगितले जात होते; मी लेखी मागितले आणि दुसऱ्या कंपनीचे दरपत्रक समोर ठेवल्यावर ते शुल्क कमी झाले. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि जीएसटी भाड्यात धरले आहेत का, हेही लिहून घेतले. लीजमध्ये गाडी कंपनीच्या मालकीची राहते, त्यामुळे परत देताना कोणते ओरखडे सामान्य झीज मानले जातील, हे करारात स्पष्ट झाल्यावरच मी सही केली.