टेलिस्कोपचं सॉफ्टवेअर रिव्ह्यूला पाठवताय? आधी 5 आणि 11 नंबर तपासा

पायथन, गिट येतंय आणि फूरिए ट्रान्सफॉर्म एमएस्सीला झालंय असं धरूनच लिहितोय. मी खानापूरचा. आरशातल्या दोषानं ताऱ्याची प्रतिमा कशी बिघडते ते दाखवणारं छोटं पॅकेज दीड वर्ष खपून लिहिलं आणि जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरला पाठवलं. हे जर्नल 2016 ला चालू झालं, पैसे घेत नाही आणि रिव्ह्यू गिटहबवर सगळ्यांसमोर होतो. मला धास्ती त्याचीच होती, शाळा मराठी, कचेरीत कन्नड आणि इथं इंग्रजीत परक्या माणसाला उत्तरं द्यायची, तेही जगासमोर. ती धास्ती फुकट होती बघा. रिव्ह्यूअर चेकलिस्ट घेऊन बसतात, लायसन्स आहे का, इन्स्टॉल होतंय का, टेस्ट चालतात का. माझ्या इंग्रजीतल्या दोन चुका त्यांनी नीट सांगितल्या, विषय संपला. इन्स्टॉल मात्र दुसऱ्याच्या लॅपटॉपवर करून बघा, निपाणीच्या मित्राकडं माझं पहिल्याच ओळीला अडकलं होतं.

आता मी जिथं फसलो ते. हे सावकाश वाचा.

आरशाचा दोष आपण झर्निके पॉलिनॉमियलमध्ये, म्हणजे गोल आरशावरच्या ठराविक आकारांच्या बेरजेत मांडतो, प्रत्येक दोषाला एक नंबर. पण नंबर द्यायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. खगोलात बहुतेक नॉलची, 1976 ची, चालते आणि डोळ्यांच्या ऑप्टिक्समध्ये ओएसएची, म्हणजे ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकाची. मी कुणाच्या तरी नोट्समधून फॉर्म्युला उचलला तो ओएसएचा होता आणि डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं नॉल. टेस्ट ठेवल्या 4 वर म्हणजे डीफोकसवर, आणि 7, 8 वर म्हणजे ताऱ्याला शेपूट फुटते त्या कोमावर. सगळ्या हिरव्या. कारण 4, 7, 8 हे नंबर दोन्ही पद्धतींत एकच आहेत! 5 तर अजून फसवा, दोन्हीकडं ॲस्टिग्मॅटिझमच (दोन दिशांना फोकस वेगळा पडतो तो दोष), फक्त 45 अंशांनी फिरलेलं, नुसतं चित्र बघून कळतच नाही. स्ट्रेल रेशोची, म्हणजे निर्दोष आरशाच्या मानानं ताऱ्याचा मधला उजेड किती उरतो त्याची, टेस्ट पण पास, कारण दोषाचा आरएमएस प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या चौदाव्या भागाइतका ठेवला की 0.82 च्या आसपासच उत्तर येतं, दोष कुठला का असेना.

रिव्ह्यूअरनं एकच ओळ लिहिली, हबलचं उदाहरण चालवून दाखवा. हबलचा आरसा 2.4 मीटरचा, कडेला साधारण 2.2 मायक्रॉननं जास्त घासला गेलेला, कारण तपासायच्या उपकरणातली एक भिंग 1.3 मिलिमीटरनं चुकीच्या जागी बसली होती. हा गोलीय दोष, नॉलमध्ये 11. रात्री एकला बाहेर धो धो पाऊस, मी 11 टाकून रन केलं. मध्ये ठिपका आणि भोवती गोल वलय यायला हवं होतं. आलं चार पाकळ्यांचं फूल. आई उठून आली, "काय करालायस गा अजून?" मला बोलायलाच सुचेना. ओएसएत 11 म्हणजे सेकंडरी ॲस्टिग्मॅटिझम, गोलीय दोष तिथं 12 वर असतो. म्हणजे दीड वर्ष माझं पॅकेज चुकीचं नाव लावून आकृत्या देत होतं.

प्रतिमा 90 अंशांनी फिरवून तपासू नका, चार पाकळ्या परत तशाच बसतात. आरशावरचा फेजच, म्हणजे कुठल्या जागी लाट किती पुढंमागं झालीय तेच तपासा, गोलीय दोषात मध्यबिंदूची किंमत आणि कडेची किंमत सारखी असते, कडेला कुठंही बघा. ही टेस्ट दोन ओळींची आहे, मी ती लिहिली नव्हती.

"टेस्ट हिरव्या आहेत ना, पाठवून टाक" असं सांगणाऱ्या गाईडचं ऐकू नका, असं मला मनापासून वाटतं. हबलच्या वेळी सुद्धा दुसऱ्या एका साध्या उपकरणानं दोष दाखवला होता, पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आणि 1990 ला दुर्बीण तशीच वर गेली.

पण घाबरू नका. मी सगळ्यांसमोर लिहिलं, नंबर माझ्याकडून चुकलेत, दुरुस्त करतो, चार दिवस द्या. कुणी हसलं नाही की रागावलं नाही. चार दिवसांत फंक्शन बदललं, 5 आणि 11 च्या टेस्ट घातल्या आणि कुठली पद्धत वापरलीय ते पहिल्याच पानावर लिहिलं. रिव्ह्यूअरनं परत सगळं चालवून बघितलं आणि त्या खान्यात टिक केली. पुढं झेनोडो या जपणूक साइटवर व्हर्जन ठेवून त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख नंबर, कळवायचा असतो, ते अर्ध्या तासाचं काम आहे, रेंज असली तर.