पेरसाळीसाठी जमीन कशी पारखावी

पेरसाळीला चिखलणी नाही की लावणी नाही. वाफशावर, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर असताना, तिफणीने पेरलेलं हे भात. खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, पाणी तुंबतं, त्यामुळे जमिनीचे बरेच दोष झाकले जातात. पेरसाळीत ते उघडे पडतात. म्हणून मराठवाड्यासारख्या भागात बियाणं आणण्याआधी, एप्रिल-मेमध्येच जमीन पाहून घ्यावी.

सुरुवात खड्ड्याने करा. उंचवट्यावर एक आणि सखलात एक, दोन फूट खोल. मुरूम फुटाच्या आत लागला तर त्या तुकड्यात भात नकोच. पोटरी (कणीस पानाच्या आवरणात असतानाची अवस्था) आणि फुलोऱ्याच्या वेळी पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की तिथे दाणे पोचट राहतात. खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली सुरीचं टोक खुपसत जा. नांगराच्या तळाशी कडक थर लागला तर मुळं तिथेच अडतील, तो आधी फोडून घ्या.

आता पोत. ओली माती मळून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती हलकी. अडीच ते पाच सेंटिमीटर टिकली तर भाताला उत्तम. त्याहून लांब निघाली तर चिकण. चालेल, पण पेरणीचा वाफसा साधणं अवघड.

खरी मेख चुनखडीत आहे. ‘काळी आहे म्हणजे चांगलीच’ हा हिशोब इथे चुकतो. ढेकळात पांढरे खडे दिसतात का पाहा, त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर सावध व्हा. मातीत लोह असतं, पण हवा खेळत्या चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही. खाचरात पाण्याखाली ऑक्सिजन संपतो, लोहाचं रूप बदलतं आणि ते मुळांना मिळतं. पेरसाळीला ही सोय नाही. मग कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात, पुढे पांढरी होतात, खालची मात्र हिरवीच राहतात. नत्र (नायट्रोजन) कमी असेल तर उलट, जुनी पानं आधी पिवळतात. हा फरक न बघता युरियाची गोणी ओतणारे पुष्कळ भेटतात.

कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत गोष्ट वेगळी. तिथली जांभ्याची माती आम्ल, लोहाला तोटा नाही. अडतो तो स्फुरद (फॉस्फरस), आणि खोलीही बेताची.

नमुना घेताना नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून २० सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, मिसळा, अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. तपासणीत सूक्ष्म अन्नद्रव्यं आवर्जून मागा.

अहवाल आल्यावर आधी सामू (pH) बघा. ५.५ ते ६.५ सर्वांत चांगला, ७.५ पर्यंत निभावतं. आठच्या वर आणि लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी असेल तर मी तरी तिथे भात पेरणार नाही. पेरायचंच ठरवलं तर हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) फवारण्यांचा खर्च आधीच धरा. विद्राव्य क्षार मीटरला एक डेसिसायमनच्या (dS/m) आत हवेत. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली असेल तर शेणखत लागेल.

शेवटी तण. पाणी साठत नसल्याने पेरसाळीत तण मोकाट वाढतं. लव्हाळा-हराळीने भरलेलं रान मातीच्या परीक्षेत पास झालं तरी यंदा सोडा. उन्हाळी नांगरट करून गाठी वेचा आणि पुढच्या खरिपात बघा.