स्वच्छ बाजाराचा खर्च कोण भरतं? ई-अँड-एसच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी फूड टेक्नॉलॉजी शिकले तेव्हा जोखीम म्हणजे जंतू, कीटकनाशकाचा अंश आणि शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, एवढंच डोक्यात होतं. सगळा विचार खाणाऱ्याच्या बाजूने. पुढे अन्नसुरक्षा सुधारणेच्या प्रकल्पांत पर्यावरणीय आणि सामाजिक जोखमींचं काम माझ्याकडे आलं. याला आमच्यात सगळे ‘ई-अँड-एस’ म्हणतात. तिथे पहिल्यांदा प्रश्न उलटा विचारायला शिकले : अन्न सुरक्षित करण्याच्या खटपटीत पिकवणाऱ्याचं, विकणाऱ्याचं, उचलणाऱ्याचं, धुणाऱ्याचं काय होणार आहे? आणि बाजार धुतल्यावर ते पाणी जाणार कुठे?

ठाणे-नवी मुंबईत राहून हे काम शिकायला मिळालं, हे मी माझं भाग्य समजते. तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं घाऊक आवार, टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातले अन्नप्रक्रियेचे कारखाने आणि शीतगृहं, ठाण्याचे जुने मासळी बाजार आणि या सगळ्याला लागून खाडी. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. आपल्या गटारात जे पडतं ते शेवटी तिकडेच वाहत जातं.

प्रकल्पाला जागतिक बँकेसारख्या संस्थेचं कर्ज असलं की हे काम सक्तीचं होतं. बँकेची पर्यावरणीय आणि सामाजिक जोखमींसाठीची सध्याची चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तिच्यात १० मानकं आहेत आणि प्रकल्पाची जोखीम ४ पातळ्यांत मोजतात. अन्नसुरक्षेच्या प्रकल्पात धरण नसतं, महामार्ग नसतो. असतात ते बाजारांचं नूतनीकरण, प्रयोगशाळा, शीतगृहं, कत्तलखाने आणि प्रशिक्षण. हेतूबद्दल कुणाचं दुमत नसतं, म्हणून ‘जोखीम कमी’ असं लिहून पुढे जाण्याचा मोह फार होतो. या मोहाला बळी पडू नका, एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. ज्या कामाच्या चांगुलपणावर कुणी शंका घेत नाही, त्या कामात कुणाची भाकरी जाते आहे हे सगळ्यात उशिरा दिसतं.

ठाण्यातल्या एका मासळी बाजाराच्या सुधारणेचं काम होतं. जुना शेड पाडायचा, फरशी उतरती करायची, स्टीलचे ओटे, बर्फाची सोय, बंदिस्त गटार. वर्षभर बायकांना दुसरीकडे बसवायचं, म्हणजे आधी कोण कोण बसतं त्याची यादी हवी. आम्ही ती जुलैत केली, कारण वेळापत्रकात जुलै होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते यादीशी जोडून पाहण्याचं कुणाला सुचलं नाही. त्या दिवसांत बाजारात होत्या त्या सुकट-बोंबील विकणाऱ्या, खाडीची मासळी आणणाऱ्या आणि तळ्यातले मासे ठेवणाऱ्या मोजक्या जणी. यादी झाली, तिच्यावर ‘या तारखेनंतर आलेल्यांचा विचार नाही’ अशी कट-ऑफ तारीखही पडली.

एक वयस्क कोळीण मावशी सुकटीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. तिने मला विचारलं, “बाय, माझी सून नारळी पुनवेनंतर येईल, तिचं नाव कोण लिवनार?”

त्या एका प्रश्नाने यादी पुन्हा करावी लागली. पण नारळी पौर्णिमा झाली म्हणून बाजार लगेच भरत नाही, श्रावण पाळणारी गिऱ्हाइकं गणपती उठेपर्यंत येत नाहीत. म्हणून दुसरी फेरी अनंत चतुर्दशीनंतर घेतली, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी, पहाटे भाऊच्या धक्क्यावरून टेम्पो येतात तेव्हापासून. यादी बरीच लांबली. त्यात परवाना सासूच्या नावावर आणि बसते सून, अशा होत्या. बाहेर फुटपाथवर पाटी लावणाऱ्या होत्या. आणि ज्यांचा आम्ही विचारच केला नव्हता अशाही निघाल्या : गिऱ्हाइकाचे मासे कापून, साफ करून देणाऱ्या बायका आणि बर्फाच्या लाद्या वाहणारी पोरं. यांचा ओटा नाही, परवाना नाही, पण बाजार बंद झाला की यांची कमाई त्याच दिवशी बंद.

इथे कायदा नीट माहीत हवा. बँकेचं पाचवं मानक जमिनीवर कायदेशीर हक्क नसलेल्यांनाही उपजीविकेसाठी मदत मिळावी असं सांगतं. फुटपाथवरच्यांसाठी आपला पथविक्रेता कायदा, २०१४ आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही आणि शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका. नव्या माणसाने हे दोन्ही तोंडपाठ ठेवावं. बैठकीत कुणी “ते अनधिकृत आहेत” म्हणालं की त्या क्षणी उत्तर देता आलं पाहिजे, नंतर ई-मेल पाठवून काही होत नाही.

ओट्यांचं वेगळंच. मासे जमिनीवर नकोत, हे अन्नसुरक्षेच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. आराखड्यातला ओटा उभं राहून काम करणाऱ्याच्या उंचीचा होता. या बायका बसून, पायाखाली कोयता दाबून मासे कापतात, सहा-सात तास. उंच ओटा आला असता तर त्यांनी मासे वर मांडले असते आणि कापायला खाली फरशीवरच बसल्या असत्या, म्हणजे जी सुधारणा करायची तीच झाली नसती. अभियंत्याला घेऊन आम्ही तिथे बसलो, कोयत्याची उंची मोजली आणि बसून कापता येईल असा बुटका ओटा आराखड्यात आला. सामाजिक जोखीम आणि अन्नाची स्वच्छता या दोन वेगळ्या फायली नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

पाण्याचं मात्र सोपं नव्हतं. चांगली धुलाई म्हणजे जास्त पाणी. त्यात रक्त, खवले, आतडी आणि क्लोरीन. बंदिस्त गटार झालं की बाजारात वास येत नाही, पण तेच पाणी पावसाळी नाल्यातून खाडीत पोचतं. जाळी, गाळ साठवणारी टाकी, मलनिस्सारण वाहिनीला जोडणी, हे सगळं बांधकामाच्या निविदेत किमतीसकट लिहिलेलं असेल तरच होतं. अहवालात ‘योग्य व्यवस्था करावी’ असं लिहून काहीही होत नाही. आपली शिफारस निविदेच्या कोणत्या ओळीत आहे, हे स्वतः उघडून बघण्याची सवय लावा. माझ्या मते या कामातली सगळ्यात उपयोगी सवय ती.

आता प्रयोगशाळेबद्दल थोडं. भाजीतला कीटकनाशकाचा अंश तपासायला अॅसिटोनायट्राइल हे घातक रासायनिक द्रावण लागतं, सूक्ष्मजीवांच्या चाचणीत जंतू वाढवलेल्या प्लेट्स निघतात. एका प्रयोगशाळेत पाहणीला गेले तेव्हा यंत्रं उत्तम होती, पण वापरलेलं द्रावण सिंकमधून जात होतं. प्लेट्स ऑटोक्लेव्ह होत होत्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होत होत्या, मात्र त्या उचलणाऱ्या कंत्राटी ताईला हातमोजे नव्हते आणि त्या पिशवीत काय असतं हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. घातक कचरा नियम, २०१६ प्रमाणे असा कचरा साधारण ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो, मग अधिकृत ठिकाणी द्यावा लागतो. आपल्या भागासाठी तशी सामायिक सोय तळोज्याला आहे. प्रयोगशाळेत गेलात की आधी मागच्या दाराने आत जा : कचऱ्याचे डबे, त्यांवरच्या चिठ्ठ्या, नोंदवही, मग सफाई करणाऱ्याशी बोलणं. यंत्रं शेवटी बघितली तरी चालतात.

एक जोखीम आटोक्यात आणताना दुसरी जन्मते, याचं रोजचं उदाहरण वडापावच्या गाडीवर आहे. छापील शाई अन्नाला लागू नये म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असं एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, सांगते. कागद गेला की हातात येते ती प्लॅस्टिकची पातळ पिशवी, जिच्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि दंड भरतो तो गाडीवाला. तेलाचंही तसंच. तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, हा नियम योग्यच आहे. पण टाकलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारा माणूस त्या गल्लीत येतो का? येत नसेल तर ते गटारात तरी ओतलं जाईल, नाहीतर स्वस्तात त्याहून छोट्या टपरीवर जाईल. म्हणून प्रशिक्षण ठेवण्याआधी साधा कागद कुठे मिळतो, कितीला मिळतो आणि तेल कोण नेतं, याची माहिती काढून मगच गाडीवाल्यांसमोर उभं राहा.

तक्रार निवारणाबद्दल सांगायलाच हवं. बहुतेक ठिकाणी एक पेटी असते, कार्यालयाच्या दाराशी, अकरा ते पाच. बाजार पहाटे चारला सुरू होतो आणि लिहिता न येणाऱ्या बायका कितीतरी असतात. आम्ही शेवटी एक मोबाइल नंबर ठेवला आणि दर सोमवारी दुपारी आमच्यातली एक मुलगी वही घेऊन बाजारात बसायला लागली. सोमवारी, कारण त्या दिवशी धंदा मंद असतो. आठ-दहा सोमवार ती बसली तेव्हा कुठे बायका मोकळ्या झाल्या. पहिली खरी तक्रार ओट्याची नव्हती, पाण्याचीही नव्हती. तात्पुरत्या शेडमधलं बायकांचं शौचालय संध्याकाळी सातला कुलूप लावून बंद होत होतं आणि त्या रात्री नऊपर्यंत बसत होत्या. किल्ली त्यांच्यातल्याच एकीकडे दिली आणि प्रश्न सुटला. अहवालात ती एक ओळ आहे.

शिक्षण काय हवं, हे सगळेच विचारतात. फूड टेक्नॉलॉजी, पर्यावरणशास्त्र, समाजकार्य, कुठूनही येता येतं. जे शिकला नसाल ते वाचून भरून काढा. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, त्याखालच्या २०११ च्या परवाना-नोंदणी नियमांचं चौथं परिशिष्ट स्वच्छतेबद्दल आहे, ते नीट वाचा. एपीएमसीत काम करायचं असेल तर १९६९ चा माथाडी कायदा वाचल्याशिवाय जाऊ नका. तिथले हमाल कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत, त्यांना मंडळ आहे, नोंदणी आहे, आणि त्यांना न विचारता यांत्रिक पट्टा किंवा नवी पेटी आणायचा बेत केलात तर बैठक पहिल्या पाच मिनिटांतच संपेल.

आणि मराठीत लिहायला शिका. अहवाल इंग्रजीत जातो, पण बाजारात वाटायचं पत्रक मराठीत लागतं. ‘आर्थिक विस्थापन’ हा शब्द मी एकदा बैठकीत वापरला तेव्हा सगळ्या गप्प बसल्या. मग म्हटलं, “जागा तीच राहील, पण धंदा बुडेल, असं कुणाचं होणार आहे का?” एका वेळी सहा जणी बोलायला लागल्या. माझ्या वहीची अकरा पानं त्या दुपारी भरली.