मानमोडीचे बळी गावच्या नोंदवहीत शोधताय? या चुका टाळा

कुणबी नोंदींच्या निमित्तानं कोल्हापूर जिल्ह्यातली जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, पुन्हा उघडली गेली. खापरपणजोबांचं नाव शोधता शोधता काही जण 1918 च्या पानांवर येऊन थबकतात. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू, आणि इथं पानामागून पान भरलेलं. मग फोन येतो, "हे काय झालं होतं हो आमच्या गावात?"

ती मानमोडी. म्हणजे 1918 ची इन्फ्ल्युएंझाची साथ, जिनं हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसं नेली. आपापल्या गावाचा हिशेब मांडण्याची धडपड करणाऱ्यांचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच नेमकं कुठं चुकतं ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे रोगाच्या रकान्यात "इन्फ्ल्युएंझा" किंवा "मानमोडी" शोधणं. तो शब्द न सापडल्यामुळे "आमच्याकडं साथ आलीच नव्हती" असं ठरवून मोकळी झालेली माणसं मी पाहिली आहेत. मृत्यूची कारणं तेव्हा ठरलेल्या गटांत नोंदली जायची: पटकी, देवी, गाठीचा ताप (प्लेग), हगवण, श्वासाचे रोग, आणि कशातच न बसणारं सगळं "ताप" या एका शब्दाखाली. नोंद करणारा काही डॉक्टर नव्हता. कोतवालानं वर्दी आणली की लिहिलं "ताप". मानमोडीतले बहुतेक मृत्यू तापानंतर न्यूमोनिया होऊन झाले, तेव्हा श्वासाच्या रकान्यातही पाहा. त्यामुळे एकच कारण धरून मोजू नका. सगळ्या कारणांचे मिळून महिनावार मृत्यू मोजा.

रोगापेक्षा वय जास्त बोलतं. नेहमीच्या वर्षी नोंदवहीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. मानमोडीत मधलं वय भरून येतं, वीस ते चाळीस, आणि त्यातही बायका जास्त. मी वाचलेल्या एका पानावर एकाच घरच्या लागोपाठ दोन नोंदी होत्या: बाई, वय 22, ताप, आणि दुसऱ्या दिवशी तिचं पंधरा दिवसांचं मूल. दोन्हींची वर्दी नवऱ्यानंच दिलेली. आठ दिवसांनी सासऱ्याच्या नोंदीखालीही वर्दी देणारा म्हणून त्याचंच नाव. म्हणून नुसते आकडे उतरवून घेऊ नका, वय, नातं आणि वर्दी देणाऱ्याचं नावही उतरवा. साथ घराघरांतून कशी फिरली ते तिथंच दिसतं.

तारखांचा घोळ मात्र सगळ्यात जास्त नडतो. मोडीतल्या नोंदीत शक आणि तिथी असते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शके 1840 चे पौष, माघ, फाल्गुन हे महिने 1919 मध्ये पडतात, तिथं 79 मिळवावे लागतात. मी स्वतः एकदा फाल्गुन 1840 च्या नोंदी मार्च 1918 मध्ये धरल्या आणि साथ मुंबईच्याही आधी या गावात पोचली असं मानून बसलो. सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. मुंबईत साथीची पहिली चाहूल जून 1918 मध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांत लागली. ती लाट सौम्य होती. जीवघेणी लाट सप्टेंबरपासूनची. मुंबईत 6 ऑक्टोबरला एका दिवसात 768 मृत्यू नोंदले गेले. दसरा त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात होता आणि दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणून आश्विन आणि कार्तिकाची पानं आधी काढा, मग मागंपुढं जा.

मुंबई इलाख्याचे आकडे उचलून कोल्हापूरला लावू नका. ब्रिटिश जिल्ह्यांच्या बेरजेत करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थान नाही. शिवाय आजचा जिल्हा म्हणजे तेव्हाचं संस्थान नव्हे. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात, कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. खुद्द मुंबई शहरातही दर सारखा नव्हता: युरोपियनांत हजारी 8 च्या आसपास, तर खालच्या मानल्या गेलेल्या जातींत हजारी 61 च्या वर. एका शहरात एवढं अंतर, मग गावठाण आणि वाड्या-वस्त्यांचा सरसकट एकच दर काढून काय हाती लागणार?

दर काढताना भागायचं 1911 च्या शिरगणतीतल्या (जनगणनेतल्या) लोकसंख्येनं. 1921 ची लोकसंख्या घेतली तर गेलेली माणसं आधीच वजा झालेली असतात आणि दर फुगतो. तुलनेसाठी एकच वर्षही घेऊ नका, कारण त्या दशकात प्लेग येऊन-जाऊन होता. आधीच्या पाच-सहा वर्षांचा मध्य घ्या. सहाशे वस्तीच्या गावात चार-पाच मृत्यूंनी दर कुठल्या कुठं जातो, म्हणून शेजारची गावं एकत्र करून पाहा.

आणखी एक गोष्ट, जी कोल्हापूरकरानं विसरू नये. गावचं दप्तर पिढीजात लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांची वतनं शाहू महाराजांनी बंद करून तलाठी नेमले ते 1918 मध्येच. म्हणजे साथीच्याच वर्षी गावचं दप्तर हातातून हातात जात होतं. अक्षर बदललं, नोंदी अचानक तुटक झाल्या, की "साथ ओसरली" असं लिहू नका. लिहिणाराच बदलला असेल, किंवा तोच अंथरुणाला खिळलेला असेल.

अशा वेळी त्याच वहीतले जन्म पाहा. दिवाळीच्या सुमारास गावात घरोघर माणसं आजारी होती, पोटुशा बाया मोठ्या संख्येनं गेल्या होत्या, त्यामुळे पुढच्या वर्षी पाळणे कमीच हलले. मृत्यूच्या नोंदी तुटक असल्या तर शके 1841 च्या आषाढ-श्रावणाची, म्हणजे जुलै-ऑगस्ट 1919 ची जन्माची पानं काढा आणि आधीच्या चार-पाच वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा.