ट्रेडिंग फर्ममध्ये कोड लिहिताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत आमची छोटी फर्म चालते. सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच, म्हणून ती आधी.

उत्तर आलं नाही म्हणजे ऑर्डर गेलीच नाही, असं मी धरलं होतं. ९:१५ ला बाजार उघडला की ब्रोकरचा सर्व्हर धापा टाकतो. माझ्या कोडनं दोन सेकंद वाट बघितली आणि तीच ऑर्डर पुन्हा धाडली. मग तिसऱ्यांदा. ऑर्डर बुकात (ब्रोकरकडच्या आमच्या ऑर्डरींच्या यादीत) ५०० शेअर्सच्या तीन ओळी एकाखाली एक: ०९:१५:०२, ०९:१५:०४, ०९:१५:०६. तिन्ही पूर्ण झालेल्या! आमचे ट्रेडर काका एवढंच म्हणाले, "अडत्यानं फोन उचलला नाही म्हणून कुणी हळदीचा दुसरा ट्रक धाडतं का रे?"

आता प्रत्येक ऑर्डरला आमचा स्वतःचा नंबर असतो आणि ती पाठवायच्या आधी तो डेटाबेसमध्ये पडतो. टाइमआउट झाला, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, की ऑर्डर बुक मागवून तो नंबर शोधायचा. बुकही कधी मागे असतं, म्हणून एकदा नाही दिसला तरी पुन्हा बघायचं, आणि तोवर त्या शेअरमध्ये नवी ऑर्डर बंद. लाईट गेली, प्रोग्राम पुन्हा चालू केला, तरी आधी ब्रोकरकडची पोझिशन (हातात किती शेअर्स आहेत ते) आपल्या नोंदीशी जुळवायची.

भाव फ्लोटमध्ये (कोडमधल्या दशांश संख्येच्या प्रकारात) ठेवू नका. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, म्हणून भाव रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. टिक साइजही (भाव कमीत कमी किती पैशांनी हलू शकतो ते) कोडमध्ये कोरू नका. जून २०२४ मध्ये एनएसईनं २५० रुपयांखालच्या शेअर्सची टिक पाच पैशांवरून एक पैशावर आणली. ती रोज सकाळी कॉन्ट्रॅक्ट फाइलमधून (शेअर्सच्या माहितीच्या यादीतून) वाचा.

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असेल तर आपले ९:१५ म्हणजे तिथले ३:४५. लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त ट्रेडिंग (त्या दिवशीचा थोड्या वेळाचा खास बाजार) कॅलेंडरमध्ये वेगळं टाका.

चालू बाजारात डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) नको, आणि झाल्यावर प्रत्येक सर्व्हरचं व्हर्जन तपासा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग फर्मच्या आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहिला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त गेले.

सगळं थांबवणारं बटण मात्र काकांच्या टेबलावर ठेवा. आमचं आधी माझ्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि त्या सकाळी मी नेमका भडंग आणायला खाली गेलो होतो.