असेंब्ली हँग होतेय? रॅम मागण्याआधी या चुका टाळा

“सर, असेंब्ली हँग होतेय, रॅम वाढवून द्या.” भोसरी-चाकणच्या कुठल्याही डिझाइन ऑफिसात हे वाक्य कानावर पडतं. असेंब्ली म्हणजे सुटे पार्ट जोडून केलेलं अख्ख्या मशीनचं थ्रीडी मॉडेल. मी आधी एकच विचारतो, परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवून पाहिलंस का? बहुतेक वेळा समोरचा नुसता बघत राहतो. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये इव्हॅल्युएट टॅबवर ते बटण आहे. कुठली फाइल उघडायला किती वेळ लागतो, ग्राफिक्सचे त्रिकोण (ज्यांनी मॉडेल स्क्रीनवर काढलं जातं) कोणाचे जास्त, रिबिल्डचा (मॉडेल नव्याने मोजून बनवण्याचा) वेळ कुठे जातो, सगळं तिथे दिसतं. घोडं कुठे पेंड खातंय हे न बघता मागणी घेऊन येणाऱ्याला मी परत जागेवर पाठवतो.

वेंडरचं मॉडेल जसंच्या तसं टाकणं

याचा मला खरोखर वीट आलाय. एलएम गाइड (ज्यावर ब्लॉक सरळ रेषेत सरकतो ती रेल), गिअर मोटर, सिलिंडर, केबल चेन, सगळ्यांच्या स्टेप फाइल, म्हणजे तयार थ्रीडी मॉडेल, हल्ली फुकट मिळतात. डाउनलोड केली, असेंब्लीत टाकली, मेट मारले (पार्ट एकमेकांना जागेवर बसवले), पोरं मोकळी. आत काय भरलंय ते कोण बघतो?

एका लीक टेस्टिंग मशीनच्या डिझाइन अप्रूव्हलला कस्टमरची माणसं ऑनलाइन बसली होती. आमच्या पोराने लोडिंग स्टेशन दाखवायला मॉडेल फिरवलं आणि स्क्रीन पांढरी पडली. तिकडून कोणीतरी म्हणालं, “आमचा आवाज येतोय ना?” मॉडेल परत दिसेपर्यंत वेळ काढायला गप्पा सुरू झाल्या आणि विषय नेमका डिलिव्हरीच्या तारखेवर गेला. तो आम्हाला त्या दिवशी निघायला नको होता.

मीटिंग संपल्यावर असेंब्ली व्हिज्युअलायझेशन उघडून त्रिकोणांच्या संख्येप्रमाणे यादी लावली. फ्रेम, बेस प्लेट, फिक्स्चर, म्हणजे आम्ही स्वतः डिझाइन केलेलं सगळं, यादीच्या तळाला. वरच्या जागा एलएम गाइडच्या ब्लॉकनी अडवलेल्या, कारण प्रत्येक ब्लॉकमधली बेअरिंगची एकेक गोळी मॉडेल केलेली. खालोखाल गिअर मोटर. आतले गिअर आणि बेअरिंग तर होतेच, वर नेमप्लेटवरची अक्षरंसुद्धा उठावाची. त्याखाली ॲलन बोल्ट, खराखुरा हेलिकल थ्रेड (आटे) काढलेले, आणि मशीनभर तेच लावलेले. का, तर “रिअल दिसतं सर.” बोल्ट टॅप होलमध्ये गेल्यावर त्याचा थ्रेड बघणार कोण?

माझी सवय अशी. वेंडरचं मॉडेल आधी एकटं उघडायचं. माउंटिंगचे फेस आणि होल, शाफ्ट, एअर पोर्ट, केबल निघण्याची जागा आणि बाहेरचा आकार एवढं ठेवायचं, बाकी उडवायचं. मग सेव्ह ॲज करून पार्ट फाइल बनवायची आणि एक्स्टीरिअर कंपोनंट्स हा पर्याय निवडायचा. वजन कॅटलॉगमधून बघून मास प्रॉपर्टीजमध्ये ओव्हरराइड करायचं, नाहीतर पोकळ मोटरच्या वजनावर कोणीतरी लिफ्टिंगचं गणित करून ठेवतो. केबल चेनची प्रत्येक कडी नको, वळणाच्या रेडियसचा एकच सॉलिड पुरतो. बोल्टला कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे आटे नुसते खुणेपुरते. ड्रॉइंगमध्ये तो थ्रेड म्हणूनच दिसतो. बारीकसारीक आकार आपोआप उडवणारं डिफीचर नावाचं टूलही आहे, पण मला हाताने उडवलेलं बरं वाटतं. काय गेलं ते कळतं.

सब-असेंब्ली न करता सगळं वरच्या लेव्हलला मेट करणं

शॉपमध्ये फिटर जशी मशीन जोडतो तशाच सब-असेंब्ली (पार्टचे छोटे जोडलेले गट) करा. आपोआप वरचे मेट कमी होतात. सब-असेंब्ली फ्लेक्सिबल (आतले पार्ट हलू शकणारी) करायची ती खरंच हालचाल दाखवायची असेल तरच.

फुटकळ, पण रोजच्या

हाइड (नुसतं लपवणं) म्हणजे सप्रेस (मेमरीतूनच काढणं) नव्हे. लपवलेल्या पार्टचे मेट सुटत राहतात, मेमरीही अडकते. इमेज क्वालिटीचा स्लायडर कोणीतरी टेम्प्लेटमध्येच उजवीकडे ताणून ठेवलेला असतो, तो मागे आणा. सर्व्हरवरची असेंब्ली नेटवर्कवरूनच उघडून काम करू नका, आपल्या डिस्कवर घ्या. जुन्या व्हर्जनच्या फाइल एकदा नव्यात सेव्ह करून टाका, नाहीतर दर वेळी उघडताना कन्व्हर्ट होत बसतात. आणि मॉडेल अर्धवटच मेमरीत घेऊन उघडणारे लाइटवेट किंवा लार्ज डिझाइन रिव्ह्यू हे मोड जरूर वापरा, पण ती डोकेदुखीवरची गोळी आहे. मॉडेल तेवढंच जड राहतं.

इकडचा स्केच तिकडच्या पार्टला अडकवणं

प्लेट असेंब्लीतच एडिट करायची, शेजारच्या ब्रॅकेटचं होल कन्व्हर्ट एंटिटीजने (दुसऱ्या पार्टची कड स्केचमध्ये उचलणारी कमांड) उचलायचं, की झालं काम. नवख्याला हे फार आवडतं, कारण माप टाकावं लागत नाही. ब्रॅकेटलाही उलटं तसंच केलं की मग ब्रॅकेट प्लेटवर अवलंबून, प्लेट ब्रॅकेटवर. रिबिल्ड केलं तरी ‘रिबिल्ड बाकी आहे’ सांगणारा सिग्नलचा दिवा परत लागतोच, आणि “सॉफ्टवेअरच बंडल आहे” म्हणून सगळे मोकळे. रिबिल्ड करून दिवा जात नसेल तर पहिला संशय या गोल फिरणाऱ्या रेफरन्सवर घ्या.

खरी गंमत पुढच्या ऑर्डरला. मागच्या मशीनची असेंब्ली सेव्ह ॲजने नव्या नावाने ठेवली जाते आणि आतले पार्ट जुन्याच फोल्डरमधले राहतात. नवी मशीन उघडली की जुनी पाठोपाठ मेमरीत. उघडायला वेळ लागतो हा त्यातला छोटा त्रास. नव्या कस्टमरसाठी बदललेलं होल जुन्या कस्टमरच्या स्पेअर पार्टच्या ड्रॉइंगमध्येही बदलतं, आणि ते कळतं जॉब कापून झाल्यावर. कॉपी करायची तर पॅक अँड गो (आतल्या सगळ्या फाइलसकट कॉपी करणारी कमांड), नावामागे नवा प्रोजेक्ट नंबर लावून. दुसरा रस्ता मी चालू देत नाही.

इन-कॉन्टेक्स्ट, म्हणजे असेंब्लीत बसून दुसरीकडून मापं उचलणं, वाईटच असं नाही. पण सगळ्यांनी एकाच लेआउटच्या स्केचकडून मापं घ्यावीत, शेजाऱ्याकडून नाही. ड्रॉइंग रिलीज करण्याआधी डावीकडच्या फीचरच्या झाडामध्ये नावापुढे बाण असलेले (दुसरीकडून रेफरन्स घेणारे) पार्ट शोधून रेफरन्स लॉक करायचे. लॉक उघडता येतं. ब्रेक केलं की तो दुवा परत जुळत नाही, म्हणून त्या बटणाला नवख्याने विचारल्याशिवाय हात लावू नये.

चुकीच्या ठिकाणी पैसे घालणं

एवढं सगळं करूनही कॉम्प्युटर कमी पडत असेल तर घ्या की नवीन. फक्त जास्त कोअर बघून भुलू नका. रिबिल्डचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, तिथे क्लॉक स्पीड उपयोगी पडतो. महागड्या ग्राफिक्स कार्डाने मॉडेल फिरवताना सुख मिळेल, रिबिल्ड मात्र तेवढंच रेंगाळेल. कार्ड घेताना ते आणि त्याचा ड्रायव्हर सॉलिडवर्क्सच्या सर्टिफाइड यादीत आहे का ते बघा. गेमिंगचं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन आलेल्यांच्या स्क्रीनवर कडा गायब झालेल्या मी पाहिल्यात.