गुणसूत्र तपासणीचा बोन मॅरो कोकणातून मुंबईला पाठवताना

कॅरिओटायपिंगला, म्हणजे बोन मॅरोतल्या (हाडातल्या मज्जेतल्या) पेशींची गुणसूत्रं तपासायला, जिवंत पेशी लागतात. लॅबमध्ये त्या साधारण २४ ते ४८ तास वाढवतात, विभाजन चालू असतानाच थांबवतात आणि मग गुणसूत्रं बघतात. पेशी वाटेत मेल्या तर 'कल्चर फेल' असा रिपोर्ट येतो आणि रुग्णाच्या कमरेत पुन्हा सुई घालावी लागते. हे टाळणं बरंचसं चिपळूण-सावंतवाडीतल्या माणसांच्याच हातात असतं.

स्मिअरपुरते (काचपट्टीवर पसरून बघायचे) थेंब घेऊन झाले की लगेच पुढचे २-३ मिली गुणसूत्रांसाठी बाजूला काढा. शेवटी उरलेलं पाठवलं तर त्यात मज्जा थोडी आणि रक्तच फार. ट्यूब हिरव्या टोपणाची, सोडियम हेपॅरिनची. लेबल वाचाच, कारण लिथियम हेपॅरिनचं टोपणही हिरवंच असतं आणि लिथियम पेशींना बाधतं. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब पीसीआरसाठी (जनुकांतले बदल शोधणाऱ्या तपासणीसाठी) वेगळी भरा. भरल्याबरोबर ट्यूब ८-१० वेळा अलगद उलटसुलट करा; गुठळी झाली की पेशी तिच्यातच अडकतात.

नमुना २४ तासांत पोचावा, ४८ च्या पुढे भरवसा नाही. म्हणून मॅरो सोमवार ते बुधवार काढून त्याच संध्याकाळी रातराणीने किंवा रेल्वेने रवाना करा. शुक्रवारचा नमुना रविवारी बंद दारापाशी पडून राहतो. गणपतीत महामार्ग तुंबतो, तेव्हा रेल्वेच बरी. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका. थर्माकोलच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जेलपॅक ट्यूबला न टेकता ठेवा. नमुना मासळीसारखा बर्फात पुरला तर पेशी गोठून फुटतात.

फॉर्मवर नुसतं 'ल्युकेमिया?' लिहून भागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ब्लास्टचं (अपरिपक्व पेशींचं) प्रमाण, औषध सुरू झालं असल्यास तारीख, सगळं लिहा. सीएलएलच्या (लिम्फोसाइट पेशींच्या दीर्घकालीन ल्युकेमियाच्या) पेशी उत्तेजक घातल्याशिवाय नीट वाढत नाहीत. मायलोमात (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढून फिश (चमकणाऱ्या खुणा लावून गुणसूत्रांतले ठरावीक बदल शोधणारी तपासणी) करावं लागतं. लॅबला हे आधी कळायला हवं.

रिपोर्टमध्ये ४६,एक्सवाय,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[२०] दिसलं, तर तपासलेल्या २० च्या २० पेशींत फिलाडेल्फिया गुणसूत्र (९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेलं) आहे. सीएमएलमध्ये (मायलॉइड पेशींच्या दीर्घकालीन ल्युकेमियात) यावर इमॅटिनिबसारखी गोळी चालते. 'नॉर्मल' आलं म्हणजे मात्र सगळं सुटलं असं नाही. बारीक तुटी या तपासणीत दिसतच नाहीत.

रक्तस्राव होतोय आणि स्मिअरवर एपीएलचा (तातडीने उपचार लागणाऱ्या एका ल्युकेमियाचा) संशय आहे, तर कॅरिओटाइपची वाट बघू नका. एट्रा (एपीएलवरचं औषध) त्याच दिवशी सुरू करायचं असतं. नमुना निघण्याआधी लॅबला फोन करून टी(१५;१७) साठी (एपीएलमधल्या १५ आणि १७ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीसाठी) तातडीचं फिश किंवा पीसीआर सांगा.